विशेषण खिशात ठेव, पोरी

सरांबद्दल लिहायला बसले की पहिल्याच ओळीला अडकते. माणसाचं चित्र काढायचं तर तो कसा होता ते सांगावं लागतं: तऱ्हेवाईक, मायाळू, हट्टी, जे काय असेल ते. आणि शहापूरच्या कॉलेजात आम्हाला मानसशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाला नेमकं तेच खपायचं नाही. वर्गात कुणी म्हटलं, "सर, आमचा शेजारी लय आळशी हाय," की ते खडू खाली ठेवायचे आणि तळहात पुढे करायचे, पोराच्या तोंडातली गोटी काढून घ्यायची असावी तसा.

"विशेषण खिशात ठेव. शेजारी करतो काय ते सांग."

"काय नाय करत सर. झोपतो."

"कधी झोपतो?"

"दिवसा."

"आणि रात्री?"

मग पोरगं डोकं खाजवायचं. शेजारी रातपाळीला जात होता. वर्ग हसायचा, सर हसायचे नाहीत. ते फळ्यावर 'आळशी' असं मोठं लिहायचे आणि बोटाने पुसून टाकायचे. त्यांचं म्हणणं एवढंच, की विशेषण लावलं की माणूस बघायचं थांबतो.

लोक त्यांना येडा म्हणायचे. बाजारात, स्टँडवर, खुद्द कॉलेजच्या स्टाफरूममध्येसुद्धा. मला त्याचा संताप यायचा, अजून येतो. ज्यांनी जन्मात एकदा स्वतःच्या डोक्यात डोकावून बघितलं नाही, ती माणसं दुसऱ्याचं डोकं तपासायला निघतात! सरांनी हे वाक्य खोडलं असतं. मी ठेवते.

तर ते काय करायचे तेवढंच सांगते.

शर्टाच्या डाव्या खिशात ते चिंचोके ठेवायचे. स्वतःच्या तोंडून कुणाबद्दल विशेषण निघालं की एक चिंचोका उजव्या खिशात जायचा. भर वर्गात बोलता बोलता हात आपोआप जायचा. दिवसाच्या शेवटी उजवा खिसा किती लोंबतोय त्यावरून आम्ही ओळखायचो की आज प्राचार्यांकडे मीटिंग होती. स्टाफरूममध्ये ते रोज वेगळ्या खुर्चीत बसायचे. कुणाची ठरलेली खुर्ची असली तर मुद्दाम तिच्यातच. ज्याची खुर्ची गेली तो दारात घुटमळायचा, आणि सर त्याच्याकडे असं टक लावून बघायचे की तो बिचारा चहा न पिताच निघून जायचा. "खुर्चीला सवय नसते रे," ते आम्हाला सांगायचे, "बसणाऱ्याला असते."

ते मूळचे मुरबाडच्या बाजूचे, टोकावड्याच्या पुढे आत कुठेतरी घर. भाताची शेती करणारी माणसं. आठवड्यातले काही दिवस मुरबाडला शिकवायचे, बाकीचे शहापूरला, आणि मधल्या यष्टीत पेपर तपासायचे. बोलायचे घरच्यासारखं, वर्गातसुद्धा. बाकीचे प्राध्यापक पुस्तकी बोलून आम्हाला गप्प बसवायचे. आम्ही पाड्यावरची पोरं. आमच्या घरची बोली वेगळी, शाळेतली वेगळी, आणि कॉलेजात आल्यावर 'अभिजात अभिसंधान' आणि 'उत्स्फूर्त पुनःप्राप्ती' असले धोंडे अंगावर यायचे. ज्याने कुणी हे शब्द पाडले त्याला आमच्या पाड्यावर नेऊन एक पावसाळा ठेवायला पाहिजे, असं माझं तेव्हाही मत होतं.

सर ते शब्द तासाच्या अगदी शेवटी सांगायचे. आधी तासभर गोष्ट. घंटा व्हायच्या बेतात फळ्यावर संज्ञा लिहायची. "हे तिचं बारशाचं नाव. हाक मारायला लागत नाय. परीक्षेत लागतं." आणि अट अशी की आपल्या घरातलं उदाहरण सांगता आल्याशिवाय ती संज्ञा वहीत उतरवायची नाही. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा असं अर्ध्या महाराष्ट्राला वाटतं. आमच्या वर्गात कुणाला वाटायचं नाही, कारण एका पोराने सांगितलं होतं, "चपलेत खडा जातो सर, तो काढला की बरं वाटतं, मग परत खडा गेला की आपण लगेच वाकतो." सरांनी त्याला जागेवर उभं करून आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या.

त्यांच्या कोंबड्यांचा किस्सा शहापुरात अजून सांगतात, पण सांगणारे अर्धाच सांगतात.

बाजारामागे एका मावशींच्या घरात ते भाड्याने राहायचे. मावशींच्या कोंबड्या होत्या. सरांनी काय केलं, रोज दाणे टाकायच्या आधी पत्र्याचा डबा वाजवायला सुरुवात केली. थोड्या दिवसांत डबा वाजला की कोंबड्या धावत. इथपर्यंत मावशी खूश. मग शेजारच्या घरावर पत्रे ठोकायला सुतार आले. पहिला हातोडा पडला आणि मावशींच्या झाडून साऱ्या कोंबड्या शेजाऱ्याच्या अंगणात. सुतार शिडीवर, खाली कोंबड्यांचा मोर्चा. सर बाहेर येऊन ओरडले, "सामान्यीकरण!"

शेजाऱ्याला ती शिवी वाटली. मावशी म्हणाल्या, "मास्तर, हे निस्तरा."

निस्तरायचं म्हणजे विलोपन. डबा वाजवत राहायचा आणि दाणे टाकायचे नाहीत. सकाळ-संध्याकाळ हा शिकलेला, लग्न झालेला, नोकरीला असलेला माणूस अंगणात उभा राहून रिकामा डबा बडवतोय आणि कोंबड्या हळूहळू यायच्या थांबतायत. येडा ही पदवी तेव्हाची. शेवटी एकही कोंबडी मान वर करीना. मावशींनी सुटकेचा श्वास टाकला. आणि मध्ये दोन-चार दिवस सर मुरबाडला राहून आले, सहज म्हणून डबा वाजवला, तर सगळ्या कोंबड्या पुन्हा हजर! सर त्या अंगणात अक्षरशः नाचले. आम्ही त्यांना ट्यूशनचं विचारायला गेलो होतो, आम्ही बघितलं. "आली का नाय! आली का नाय! गेलेलं वाटतं, जात नाय!" मावशींनी डबा काढून घेतला आणि भंगारवाल्याला दिला.

'उत्स्फूर्त पुनःप्राप्ती' आमच्या बॅचमध्ये कुणी चुकलं नाही.

आणखी एक त्यांची खोड. नव्या वर्गाला ते पहिल्या दिवशी माहुलीचा डोंगर काढायला सांगायचे. न बघता, आठवून. शहापूरची पोरं एक काढायची, आमच्या डोंगराकडची दुसराच, खर्डीकडची तिसरा. मग कुणाचे सुळके खरे यावरून भांडण. एकदा दोघांची कॉलर धरण्यापर्यंत गेलं. सर मध्ये पडले नाहीत. भांडण दमल्यावर म्हणाले, "आपापल्या ओट्यावरनं बघितलेला डोंगर हाय हा. प्रत्येकाचा खरा. आता समजा डोंगराच्या जागी माणूस हाय."

मला हे पटायचं नाही. मी संघटनेची. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि उरलेला वेळ जंगलजमिनी, रेशन, दारूबंदी यांत जायचा. आमची पत्रकं मी लिहायची आणि मला ती चांगली लिहिता येतात असा माझा समज होता, आहे. एकदा रेशन दुकानदारावर लिहिलेलं पत्रक सरांना दाखवलं. त्यांनी पेन काढून 'नराधम' खोडलं, 'मुजोर' खोडलं, 'रक्तपिपासू' खोडताना तर जीभ बाहेर काढली. पानभर मजकुराच्या चार ओळी राहिल्या: दुकान कधी बंद असतं, रॉकेल कुणाला मिळालं नाही, ते कुठे गेलेलं कुणी पाहिलं.

"सर, अन्याय झाला तर चिडायचं पण नाय का?"

"चीड ना. पोटभर चीड. पण चिडून बघितलंस काय ते लिही. ही चार वाक्यं वाचून तो घाबरेल. बाकीचं वाचून त्याची करमणूक होईल."

मी चार ओळींच्या वर 'मुजोर' परत घातलं आणि छापलं. एक तरी पाहिजेच. इथे माझं आणि सरांचं कधी जमलं नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

माझी धाकटी बहीण सुमन आश्रमशाळेत आठवीला होती. उंबरमाळीला गाडीतून उतरायचं आणि डोंगराकडे चालत सुटायचं, तिथे शाळा. आई आणि थोरला भाऊ दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे. बा घरी आजीजवळ. आमच्याकडे बहुतेक घरांची हीच तऱ्हा. भट्टीवरची माणसं मध्ये एकदाच घरी येतात, शिमग्याला, आठवडाभर आधीच. होळी पेटते, चार दिवस नाचून होतं, आणि मुकादमाचा ट्रक परत दारात.

शिमगा तोंडावर आला होता. कॉलेजच्या फाटकाबाहेर बा उभा दिसला. बा कधी कॉलेजात आला नव्हता.

"आजी?" मी विचारलं.

"आजी बरी हाय. सुमनचा दाखला काढतो. तुला सांगाया आलो."

"का?"

"भगताने नाव घेतला तिचा."

झालं होतं असं. सुमन एका सकाळी प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. अंगात ताप होता. तिला घरी पाठवलं, बरी होऊन परत गेली. आणि मग इतर मुली पडायला लागल्या. आज एक, उद्या दोन, सगळ्या प्रार्थनेच्या वेळी. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी येऊन तपासलं. म्हणाले, रक्त कमी आहे, गोळ्या द्या, बाकी काही नाही. बाकी काही नाही म्हटल्यावर बाकीचंच सुरू झालं. सुमन एकटी विहिरीवर गेली होती, तिथे तिला काहीतरी लागलं, आणि तिच्या शेजारी जी झोपते तिला ते धरतं. मुख्याध्यापकांनी कोंबडा देऊन भगताला बोलावलं. सरकारी पगार घेणाऱ्या माणसाने! भगत म्हणाला, पहिली पडली तिच्यात आहे, ती गेली की सगळं जाईल. मुख्याध्यापकांना बरं झालं. एक पोर कमी करून शाळा वाचते.

"मंग आता काय करणार तिचं?" मी म्हणाले.

"आयशीबरोबर भट्टीवर जाल. दुसरा काय?"

मी फाटकात उभी राहून बापावर ओरडत होते तेव्हा मागून सर आले. त्यांचा तास होता, ते वर्गाकडे निघाले होते. त्यांनी बाला नमस्कार केला आणि विचारलं, "सुमनने काय केलं?"

"पडली," बा म्हणाला.

"पडायच्या आधी?"

"ताप होता."

"पडल्यावर तिला काय मिळालं?"

बाला प्रश्न कळेना. "मिळल काय? मी गेलो न आनली घरा."

सर वर्गापर्यंत गेले. मग वर्गातल्या पोरांना त्यांनी खिडकीतूनच ओरडून सांगितलं, "आज तास नाय, घरी जा," आणि आमच्याबरोबर स्टेशनचा रस्ता धरला.

शाळेच्या आवारात जांभळीखाली भगत बसला होता. व्हरांड्याच्या एका टोकाला मुली, दुसऱ्या टोकाला एकटी सुमन. तिची वाकळसुद्धा कोठीच्या दाराशी बाजूला टाकलेली. मला बघून ती उठली नाही. मी सरळ भगताच्या समोर गेले आणि सुरू झाले. लोकांना फसवता, पोरींचं आयुष्य नासवता, कायद्याने आत जाल. आवाज चांगला चढला होता. भगत शांतपणे तंबाखू मळत होता.

"ही कोनाची रं?" त्याने बाला विचारलं.

"माझीच," बा म्हणाला. तोंड लपवल्यासारखा.

सरांनी माझा दंड धरून मला बाजूला केलं. "तू जरा बस गो. घसा उद्याला ठेव."

मुख्याध्यापक बाहेर आले. "सर, हा मास हिस्टेरिया आहे, मला माहीत आहे, मी वाचलंय."

"हे नाव झालं गुरुजी," सर म्हणाले. "नाव सगळ्यांनी ठेवलंय. भगताचं एक, तुमचं एक. बघितलं कुणी?"

आणि मग ते विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले आणि एकेका मुलीला बोलवू लागले. मी जवळ होते. त्यांनी कुणालाच 'तुला काय होतं' असं विचारलं नाही. हनुवटीला खरचटलेली एक बारकी पोर होती, तिचं बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"पडलीस तेव्हा काय चाललं होतं?"

"परार्थना."

"तू कुठं बघत होतीस?"

"फाटकाकडं."

"फाटकात काय होतं?"

"सखूचा बा आल्ता. तिला न्यायाला. ती आदल्या दिसी पडलेली."

"मग?"

"मंग छातीत धाडधाड झाला. हाताला मुंग्या आल्या. मंग माला नाय ठावं."

"मग काय झालं?"

"बाईंनी लिंबूपानी दिला. बा आला. घरा गेलो."

"घरी कोण होतं?"

पोरगी पहिल्यांदा हसली. "आई! भट्टीवरनं आल्ती ना, शिमग्याला."

दुसरीचं तेच, तिसरीचं तेच. पुढे कळलं ते असं. दरवर्षी शाळा शिमग्याला सुट्टी द्यायची. मागच्या वर्षी बऱ्याच मुली सुट्टीवरून परत आल्याच नाहीत, आईबरोबर ट्रकमध्ये बसून भट्टीवर गेल्या. पटावर मुली कमी, वरून ताशेरे. म्हणून या वर्षी मुख्याध्यापकांनी सुट्टीच बंद केली. कुणालाच घरी सोडायचं नाही. आजारी पडली तर तेवढी सोडायची.

सर उठले. चिंचोक्याचा हात एकदा खिशाकडे गेला, बहुतेक मनातल्या मनात काहीतरी बोलले असावेत. मग मुख्याध्यापकांना म्हणाले, "पडली की आई भेटते. उभी राहिली की नाय भेटत. आता तुमीच सांगा गुरुजी, पाय काय शिकतील?"

"म्हणजे ढोंग! मी म्हणतच होतो!"

"ढोंग नाय." सरांचा आवाज पहिल्यांदा चढला. त्यांनी त्या बारकीला पुढे केलं. "ढोंग करणारी पोर पडताना हात टेकते. हिची हनुवटी बघा. ही खरीच पडते. तिला स्वतःला ठाव नाय का पडते. शिकणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. आपण शिकवलंय, ती शिकल्ये."

मग ते जांभळीखाली गेले आणि भगताच्या शेजारी मातीत मांडी घालून बसले. मी जळफळले. "सर, तुम्ही याला बरोबरीला बसवता?"

"त्याने अंदाज सांगितला, मी पण अंदाजच सांगणार हाय. बसायला सावली एकच." आणि भगताला म्हणाले, "बाबा, तुमी म्हणता ही पोर गेली की पडणं थांबेल. मी म्हणतो, सगळ्यांना शिमग्याला सोडा, पडली तिला पण, नाय पडली तिला पण. मग थांबेल. आधी माझं करून बघू."

"तुझा का म्हून आधी?"

"माझं चुकलं तर मागनं तुमचं करता येईल. तुमचं चुकलं तर पोर गेलेली असंल भट्टीवर. ती परत नाय येत."

भगताने तंबाखू थुंकली. "बराबर बोलतंस," तो म्हणाला. "पन कोंबडा मी देनार नाय परत."

बासुद्धा हसला. मी नाही हसले.

मुख्याध्यापक मात्र अडून बसले. "आणि सुट्टीवरून पोरी आल्या नाहीत तर? उत्तर कोण देणार? तुम्ही?"

"ही आणेल," सरांनी माझ्याकडे बोट केलं. "मोर्चाला पाड्यापाड्यावरनं माणसं आणतेस ना? आता पोरी आण. आणि गुरुजी, आया पोरींना सोडायला येतील. त्यांना आत येऊन शाळा बघू द्यायची. फाटकातनं परत नाय पाठवायचं." भगतानेच मानलं म्हटल्यावर मुख्याध्यापकांनी सुट्टी दिली.

तो शिमगा मी एकाही होळीला नाचले नाही. पाडा पाडा फिरले. आधी मी मुलींच्या शिक्षणावर भाषण द्यायची. आया ऐकायच्या आणि भाकरी थापत राहायच्या. दुसऱ्या पाड्यापासून मी भाषण सोडलं आणि फक्त झालेलं सांगायला लागले: पोर फाटकाकडे बघत होती, दुसरीचा बा आला होता, ती पडली. एका आईच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. "माझ्यासाठी पडली?" तिने विचारलं. ती पोर दुसऱ्याच दिवशी वेणी घालून तयार होती.

लांबच्या पाड्यांवर मी फिरत होते म्हणून सुमनला बाने आणायचं ठरलं होतं.

शाळा उघडायच्या सकाळी सर पहिल्या गाडीने आले. भगत आलेला होता, त्याच जांभळीखाली. मुली डोंगरावरून घोळक्याघोळक्याने उतरत होत्या, काहींच्या कानामागे अजून रंग. बरोबर आया, कडेवर पोरं. मी सगळी टेकाडं न्याहाळत होते. सुमन नव्हती. बा नव्हता.

घंटा झाली. मुली रांगेत उभ्या राहिल्या. प्रार्थना सुरू झाली. सर व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभे, नजर रांगांवरून फिरतेय. मध्येच एक पोर खाली वाकली. तिने तळपायातला काटा काढला आणि सरळ उभी राहून पुढची ओळ म्हणू लागली.

प्रार्थना संपली. कुणीही पडलं नाही.

मी आनंदाने सरांकडे वळले, तर त्यांचा चेहरा उतरलेला. कारण मला लगेच ऐकू आलं. मुख्याध्यापक भगताला म्हणत होते, "बघितलं ना? ती नाही आली, तर कुणी पडलं नाही."

भगताने मान डोलावली. "माझाच खरा झाला म्हनायाचा."

सगळ्या शाळेसाठी धडपडलो, आणि त्यातून माझ्याच बहिणीवरचा शिक्का पक्का होत होता. यापुढे ती आली तरी तिला कोण घेणार?

"गुरुजी, थोडं थांबा," सर म्हणाले.

"किती थांबू? वर्ग भरवायचेत."

तेवढ्यात टेकाडावर बाचं मुंडासं दिसलं. मागे सुमन, आणि तिच्याही मागे आई. आई! जिने जन्मात शाळेचं फाटक बघितलं नव्हतं. मुकादमाचा ट्रक पहाटेच दारात लागला होता. आई त्याला म्हणाली होती, मी आधी पोरीची शाळा बघून येते, थांबायचं तर थांब. तो थांबला नाही. गाडी चुकली म्हणून तिघं डोंगरातून चालत आली होती.

सर मुख्याध्यापकांपुढे गेले. "प्रार्थना परत घ्या."

"दिवसातून दोनदा प्रार्थना? कुठल्या शाळेत होते?"

"देवाला चालेल गुरुजी. तुमाला चालत नसेल तर सांगा, मी म्हणतो."

पुन्हा रांगा. सुमन आपल्या वर्गाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या पुढची पोर एक पाऊल पुढे सरकली, मागची एक पाऊल मागे. मधे ती एकटी, हात जोडून, पायांना धूळ. आई समोर मातीत बसली होती, पदर तोंडाला लावून. प्रार्थना सुरू झाली. आधीच्यापेक्षा हळू आवाजात, कारण आता सगळ्या मुली गाता गाता तिच्याकडेच बघत होत्या. सुमन डोळे मिटून गात होती. तिचा आवाज चिरका आहे, लहानपणापासून. पहिलं कडवं, दुसरं. मी रांगा बघत होते, चेहरा, चेहरा, चेहरा. शेवटची ओळ झाली. सगळ्या उभ्या होत्या.

ती हनुवटी खरचटलेली बारकी चौथीच्या रांगेतून ओरडली, "कोनी नाय पडला!" आणि सगळी शाळा हसायला लागली. बाईसुद्धा. हसता हसता सुमनच्या मागची पोर तिच्या पाठीवर आदळली आणि तिथेच राहिली.

भगत उठला. धोतर झटकलं. आवारातल्या सगळ्या आयांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नाय तिच्यात काय." आणि टेकाडाकडे चालू लागला. माझ्या शंभर पत्रकांनी झालं नसतं ते या तीन शब्दांनी झालं, याचा मला तेव्हा राग आला होता. आजही थोडा येतो. पण त्या क्षणी मी आईच्या शेजारी मातीत फतकल मारून बसले होते आणि दोघी नुसत्या हसत होतो, वेड्यासारख्या.

मग मला सर दिसेनात. शोधलं तर कोठीमागे पायरीवर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरलेले.

"सर, बरं वाटत नाय का?"

"बरं हाय गो." त्यांनी मोठा श्वास सोडला. "पोरी, मला ठाव नव्हतं."

"काय?"

"पडतील का नाय पडतील. दुसऱ्या वेळेला तर मुळीच ठाव नव्हतं. एक जरी पडली असती ना..."

दुपारी शाळेने त्यांना जेवायला बसवलं. डाळभात. त्यांनी तीनदा घेतला. मुख्याध्यापकांनी वाढला, हेही लिहून ठेवते, कारण त्या माणसाबद्दल मी पुढे बरंच काही छापलं. जेवून सर व्हरांड्यात जरा कलंडले, डोक्याखाली पिशवी घेऊन. चहूबाजूंनी मुलींचा गलका, पाढे, भांड्यांचा आवाज. त्यातच ते घोरायला लागले.

गाडीची वेळ होत आली तशी मी उठवायला गेले. सुमन खांबाशी बसून चिंच खात होती. तिने माझा हात धरला.

"राहू दे गो बाय," ती म्हणाली. "निजूं दे त्यांना."

खाली दरीत गाडीची शिट्टी झाली आणि गाडी कसाऱ्याकडून शहापूरच्या दिशेने निघून गेली. आम्ही दोघी तिथेच बसलो.